वायर सरकारची, गल्ला तुमचा : पीसीओ बूथचा धडा

आपल्या ट्रेनिंगमध्ये एक वाद हमखास रंगतो. एकजण म्हणतो, "सगळं खाजगी करून टाका, सरकारला धंदा जमत नाही." दुसरा म्हणतो, "खाजगी आलं की गरिबाला कोण विचारणार?" चहा संपतो, वाद संपत नाही. देशाने काय करावं यावर दोघांकडेही बोलण्यासारखं आहे. पण तुम्ही उद्या गाळ्याचं डिपॉझिट भरणार असाल, तर तुमचा प्रश्न वेगळा आहे : या धंद्यात नेमकं काय कोणाच्या मालकीचं आहे?

त्यासाठी एसटीडी-पीसीओचा बूथ आठवा.

1980 च्या दशकात टेलिफोन म्हणजे पूर्ण सरकारी कारभार. घरी फोन हवा असेल तर नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. 1984 साली सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. तिथे तयार झालेली देशी एक्स्चेंज लहान लहान गावांत पोहोचली. वायर आली, पण प्रत्येक नाक्यावर फोन सांभाळायला सरकारी माणूस कुठून बसवणार? मग काउंटर दिला सामान्य माणसाच्या हातात. बूथ वाटताना अपंगांना प्राधान्य होतं.

काचेची केबिन, लाल आकडे पळवणारं मीटर, हातात पडणारं छापील बिल. रात्री दर उतरले की बाहेर रांग! एक्स्चेंज आणि वायरचा खर्च सरकारचा. बूथवाल्याचं काय? जागा, मीटर आणि रात्री उशिरापर्यंत बसायची तयारी. कॉलमागे कमिशन त्याचं. म्हणजे सरकारी सेवा आणि खाजगी धंदा दरवेळी एकमेकांचे वैरी नसतात. सरकारने रस्ता बांधला, की कडेला चहाची टपरी आपलीच असते.

आता दुसरी बाजू बघा. 1994 च्या दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना दार उघडलं. 31 जुलै 1995 ला देशातला पहिला मोबाईल कॉल झाला. 2000 साली सरकारी खात्याचा फोनचा कारभार बीएसएनएल या कंपनीकडे गेला. 2003 मध्ये इनकमिंग फुकट झालं, मोबाईल खिशाखिशात आला आणि बूथ ओस पडले. बूथवाल्याची सर्व्हिस बिघडली होती का? नाही. जागा चुकली होती का? तीही नाही. पण दर, तंत्रज्ञान आणि धोरण, तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या हातात होत्या.

तरीही काही दुकानं टिकली. कोणती? ज्यांनी फोनला येणारं गिऱ्हाईक ओळखून त्याच काउंटरवर झेरॉक्स, कुरिअर, पुढे मोबाईल रिचार्ज सुरू केलं ती. बूथ गेला, दुकान राहिलं.

"सर, म्हणजे सरकारच्या भरवशावर धंदा करूच नये?" असं नाही हो! आज तुम्ही आपले सरकार सेवा केंद्र चालवा, नाहीतर ॲपवरून जेवणाच्या ऑर्डरी घ्या. गोष्ट तीच. एकीकडे फी सरकार ठरवतं, दुसरीकडे कमिशन कंपनी ठरवते. मालक सरकारी असो की खाजगी, वायर त्याचीच आहे. ती जरूर वापरा, भांडवल वाचतं. फक्त आपलं सगळं घर त्या एका वायरीवर टांगू नका.

म्हणून पैसे गुंतवण्याआधी वहीत तीन उत्तरं लिहा :

1. या धंद्यातली कोणती गोष्ट माझ्या मालकीची नाही? परवाना, दर, जागा, सॉफ्टवेअर, सगळं लिहा.

2. गिऱ्हाईक माझ्या नावाने येतं की बोर्डवरच्या नावाने? त्याचा नंबर माझ्याकडे आहे का?

3. उद्या नियम किंवा कमिशन बदललं, तर त्याच गाळ्यात, त्याच गिऱ्हाइकाला मी दुसरं काय विकू शकतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरं राहिलं, तर डिपॉझिट भरायची घाई करू नका. आधी ते उत्तर शोधा. बूथवाल्यांना इशारा मिळायला मोबाईल यावा लागला. तुम्हाला तो आजच मिळालाय, फुकटात!