मातीला आठवते जुने ओझे

लंडनखालची चिकणमाती हाताला टणक लागते, तर नवी मुंबईच्या खाडीकाठच्या चिकणमातीत बोट सहज रुतते. दोन्ही समुद्राच्या तळाशी साचलेल्या. फरक त्यांच्या इतिहासाचा. लंडनच्या मातीवर एके काळी गाळाचे आणखी थर होते. ते झिजून वाहून गेले, पण त्यांच्या वजनाने दबलेली माती पुन्हा पहिल्यासारखी फुगली नाही. मातीने आजवर सोसलेल्या सर्वांत मोठ्या दाबाला पूर्वदृढीकरण दाब म्हणतात. नव्या इमारतीचा भार धरूनही दाब त्या मर्यादेत राहिला तर जमीन थोडीच दबते. मर्यादा ओलांडली की कित्येक पटींनी खचते.

हा दाब कन्सॉलिडेशन (दृढीकरण) चाचणीतून काढतात. साधारण दोन सेंटिमीटर जाडीची मातीची चकती धातूच्या कड्यात बसवतात, वर-खाली सच्छिद्र दगड ठेवतात, सगळे पाण्यात बुडवून वजन चढवतात. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक वजन चोवीस तास ठेवून मग दुप्पट करतात. मातीतले पाणी निथळत राहते आणि डायल गेजचा काटा मिलिमीटरच्या अगदी बारीक अंशांनी सरकतो. मग लॉगरिदमच्या मापावर दाब आणि उभ्या अक्षावर मातीतल्या पोकळीचे प्रमाण मांडतात. रेघ आधी जवळजवळ आडवी जाते, मग वाकते आणि पुढे सरळ उतरते. आर्थर कासाग्रांदे यांनी १९३६ साली मांडलेली रीत अशी: सर्वांत जास्त वाकलेल्या बिंदूतून एक आडवी रेघ आणि एक स्पर्शिका काढायची, त्यांच्यातला कोन दुभागायचा, खालची सरळ उतरती रेघ मागे वाढवली की ती दुभाजकाला जिथे छेदते, तिथला दाब हाच आपला आकडा.

पण सर्वांत जास्त वाकलेला बिंदू नजरेने ठरवावा लागतो. तो संगणकाने ठरवला की प्रश्न मिटला, असे कोणी म्हणेल. माझ्या मते मिटत नाही, कारण खरी चूक आलेखाच्या आधी, बोअरहोलमधून नमुना काढण्यापासूनच सुरू होते. नमुना काढताना, वाहून नेताना किंवा कापताना माती हलली की तिची घडण मोडते, वळण बोथट होते आणि दाब बहुधा खऱ्यापेक्षा कमी येतो. पुसट झालेले वळण संगणकाला तरी कुठून सापडणार? ‘कमी आकडा म्हणजे सुरक्षित आकडा’ हे समर्थनही अर्धेच खरे. त्यापायी नको तिथे पाइलचा, म्हणजे पायाच्या खोल खांबांचा, खर्च होतो; शिवाय हललेल्या नमुन्याचा पुढचा उतारही कमी तीव्र दिसतो, आणि ज्या मऊ मातीवर पूर्वी जादा भार आलेलाच नाही तिचे खचणे प्रत्यक्षापेक्षा कमी भासते. एकाच निष्काळजीपणाने दोन्हीकडून फसगत होते.

पूर्वदृढीकरण दाबाची मर्यादा ओलांडायला इमारतच लागते असेही नाही. मेक्सिको सिटीत भूजल उपसल्याने पाण्याने पेललेला भार मातीच्या कणांवर आला आणि शहराचे काही भाग विसाव्या शतकात सात मीटरहून अधिक खचले.

ही मर्यादा नेमकी कळणे इतके मोलाचे, म्हणून मऊ जमिनीवर बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाला सांगणे आहे: माती-परीक्षणाच्या अहवालात नुसता आकडा घेऊ नका. मूळ आलेख मागा आणि नमुना कसा काढला, कसा आणला, हे विचारा.