घरातले वायफाय रुसले तर?

संध्याकाळची वेळ. नातवाला परीक्षेचा अर्ज आजच भरायचा असतो, आजींना पुण्याच्या लेकीचा चेहरा पाहायचा असतो आणि नेमके पडद्यावरचे चक्र गरगरत राहते. मग घरात एकच ओरड, ‘कंपनीला फोन लावा!’

जबलपूरच्या मराठी घरांतही हे दृश्य नवे नाही. खरे तर या शहराचे दूरसंचाराशी जुने नाते आहे. रिज रोडवरच्या दूरसंचार प्रशिक्षण संस्थेची सुरुवात १९४२ची. पण घरातला राऊटर रुसला, तर त्याची समजूत मात्र घरच्यांनाच काढावी लागते. पुष्कळदा ती सहज काढताही येते.

जागा निवडताना

राऊटरच्या लहरी दिव्याच्या उजेडासारख्या चहूकडे पसरतात. म्हणून तो घराच्या मध्यावर, खांद्याएवढ्या उंचीवर आणि मोकळ्यावर ठेवावा. नेपियर टाऊन, राइट टाऊनमधल्या जुन्या घरांच्या जाड भिंती या लहरी अडवतात. लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि पाण्याने भरलेला कूलर हेही त्यांचे वैरीच. शोभा बिघडते म्हणून राऊटर बंद कपाटात ठेवू नये. मे महिन्याच्या उन्हाळ्यात तो आत तापतो आणि अडखळू लागतो.

बहुतेक नव्या राऊटरवर दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंती ओलांडून लांबवर जातो, पण वेग कमी असतो. ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वेगवान, पण जवळच्या खोल्यांपुरता. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४च्या आसपासच चालतो. म्हणून ओव्हन सुरू असताना स्वयंपाकघरातला मोबाइल अडखळला, तर नवल वाटू नये.

बिघाड कुठे आहे?

आधी दिवे पाहावेत. फायबर जोडणीत ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाशच घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी तक्रार नोंदवणेच बरे. ही तार काचेची असते. ती मुरडू नये, तिच्यावर खिळा ठोकू नये. निघालेल्या टोकात डोकावूनही पाहू नये, कारण आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लाल दिवा नसेल, तर वीज बंद करून अर्ध्या मिनिटाने पुन्हा सुरू करावी. तरीही अडचण राहिली, तर संगणक तारेने राऊटरला जोडून पाहावा. तारेवर इंटरनेट नीट चालत असेल, तर दोष वायफायचा. तारेवरही चालत नसेल, तर दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत. टाचणीने दाबायचे ‘रीसेट’चे बटण मात्र उगाच दाबू नये. त्याने कंपनीने भरलेली माहितीही पुसली जाऊ शकते आणि चालू जोडणी बंद पडते.

वीज वारंवार जात असेल, तर राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. तो घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट व अँपिअरचे आकडे जुळवून पाहावेत.

कुलूप लावले का?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी आलेल्या धमकीच्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या एका घरी पोहोचले. तिथल्या अमेरिकन रहिवाशाच्या वायफायला कुलूपच नव्हते, त्याचा गैरवापर दुसऱ्याच कुणी केला होता. चौकशीचा ताप मात्र त्या रहिवाशाला झाला.

तेव्हा राऊटर बसवला, त्याच दिवशी दोन पासवर्ड बदलावेत : एक वायफायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगचा. सुरक्षेत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे. मुलांची नावे, मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून नकोत. येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी ‘गेस्ट’ नावाची वेगळी जोडणी सुरू करता येते. म्हणजे पाहुण्यांना नाही म्हणायचा संकोच नको आणि घरची किल्लीही घरातच.

पासवर्ड आणि तक्रारीचा क्रमांक एका वहीत लिहून ठेवावा आणि ती वही कुठे आहे, हे आजींनाही सांगून ठेवावे. दुपारी घरात एकट्या असताना त्यांनाच तिची सर्वांत जास्त गरज पडते.