सगळ्यांचा मिळून एक फोटो

घरातल्या भिंतीवर सासूबाईंचा किंवा आजेसासूबाईंचा हार घातलेला फोटो असेल, तर एकदा स्टुलावर चढून तो जवळून पाहा. पुष्कळ घरांत तो फोटो त्यांचा असा मुद्दाम काढलेला नसतोच. कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यातून चेहरा तेवढा कापून मोठा केलेला असतो, नाही तर मतदानाच्या ओळखपत्रावरचा, आणि अलीकडे आधारकार्डावरचा. चेहरा पुसट, नजर भलतीकडेच, खांद्याशी दुसऱ्याच कुणाच्या पदराचा काठ. घरातलं माणूस गेलं की दहाव्याच्या आदल्या रात्री ट्रंका उपसायच्या, मोबाइल धुंडाळायचे आणि जे हाती लागेल ते स्टुडिओत धाडायचं! वडीलधाऱ्या पुरुषांचे फोटो निदान सत्काराचे, सोसायटीच्या सभेचे असतात. बायकांचे नसतात. कारण फोटोच्या वेळी त्या आत चहा गाळत असतात.

तेव्हा या वर्षी सगळ्या घराचा मिळून एक चांगला फोटो काढायचं मनावर घ्या. खर्च फारसा नाही. जमवाजमव मात्र आहे, आणि ती आपल्यालाच करावी लागणार.

पहिला प्रश्न, सगळे एकत्र सापडायचे कधी? राहुरी तालुक्यातलं देवळाली प्रवरा घ्या. (नाशिकजवळची देवळाली वेगळी. हे प्रवरेच्या टापूतलं, उसाचं गाव.) इथं एकदा ऊसतोड सुरू झाली की घरातल्या कर्त्या माणसाचं चित्त टोळी कधी येते आणि ट्रॅक्टर कधी भरतो याच्यातच. त्याला इस्त्रीचा सदरा घालून उभं करणं म्हणजे दिव्यच. एक भाऊ वस्तीवर, एक गावात, धाकटा पुण्याला नोकरीला, लेकी सासरी. सगळे हमखास जमतात ते भाऊबिजेला. लग्नातही जमतात म्हणा, पण लग्नातला फोटो हा नवरानवरीचा, बाकीचे त्यात गर्दी म्हणून. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात घामाघूम झालेले चेहरे! त्यापेक्षा भाऊबिजेची दुपार बरी. ओवाळणी होऊन जेवणं झाली, लहान मुलांची एक झोप झाली, की साडेचारच्या सुमाराला बसवा सगळ्यांना. दिवस लहान असतो, सहाच्या आसपास सूर्य मावळतो, तेव्हा फार रेंगाळू नका.

आता खरा अवघड भाग. आजी.

“मला कशाला गं त्यात? तुम्ही काढा तुमचा,” हे उत्तर ठरलेलं. त्यात आजोबा गेलेले असले तर त्या आपण होऊन दाराआड सरतात. सवाष्णींच्या ओळीत आपण नको, शुभ दिवशी मध्ये नको, हे त्यांच्या मनात इतकं मुरलेलं असतं, की कुणी काही बोलावंही लागत नाही. अशा वेळी “या ना आत्याबाई, या ना” असं नुसतं म्हणत राहून उपयोग नाही. अंगणात खुर्ची आधी मांडावी, मधोमध. एखाद्या नातवाला त्यांचा हात धरून आणायला सांगावं आणि बाकीच्यांनी त्या बसल्यावरच आपापल्या जागा घ्याव्यात. मधली खुर्ची घरातल्या कमावत्या पुरुषाची, असं काही घरांत मानतात. मला ते पटत नाही. ज्यांच्यामुळे हे सगळं गोत जमलं त्या मध्ये.

आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांची गोष्ट माहीत असेलच. सिनेमाकडे वळण्याआधी ते फोटोग्राफर होते. बडोद्याला त्यांचा तो धंदा नीट चालला नाही, कारण कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो अशी अफवा तिथं उठली होती, असं सांगतात. आज तसं कुणी म्हणत नाही, पण “म्हातारपणी फोटो काढला की माणूस जातं” हे अजून कानावर येतं. याचं उत्तर सोपं आहे. आजीचा एकटीचा फोटो काढायचा म्हणूच नये. सगळ्यांचा काढू या म्हणावं, आणि उठता उठता, त्या नातवाशी बोलत असताना, दोन एकटीचे हळूच काढून घ्यावेत. तेच पुढे सगळ्यांत चांगले निघतात!

कपड्यांचं म्हणाल तर एकसारखे कपडे शिवायची हल्ली टूम आहे. सगळे जण बँडवाल्यांसारखे दिसतात. त्यापेक्षा ज्याला जे शोभतं, सवयीचं आहे, ते बरं. आजोबांची टोपी किंवा फेटा, आजींचं नऊवारी, तुमची ठेवणीतली पैठणी. आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टरकी शिकत असताना 10 ऑक्टोबर 1885 रोजी फिलाडेल्फियाला त्यांचा एक फोटो निघाला. सोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. तिघी आपापल्या देशच्या पोशाखात. पुढे दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी 1887 मध्ये, आनंदीबाई गेल्या. त्या फोटोत त्या साडीत आहेत, म्हणून आज पाहताना त्या आपल्यातल्या वाटतात.

फक्त बारीक रेघांचे आणि बारीक चौकटीचे सदरे टाळावेत. मोबाइलच्या फोटोत त्यावर लाटा उमटल्यासारख्या दिसतात. कोरं करकरीत पातळ ऐन वेळी नेसू नये, ते फुगून राहतं. तोंडाला पावडर बेतानं. डोक्याला तेल आदल्या दिवशी लावावं, त्याच दिवशी लावलं तर कपाळ चकाकतं. चष्मेवाल्यांनी हनुवटी किंचित खाली घेतली की काचेवरचा उजेड सरकतो. चष्मा काढून मात्र बसू नये. रोज दिसतो तो चेहरा यायला हवा.

जागा अंगणातलीच निवडा. भर उन्हात उभं केलं तर डोळे बारीक होतात आणि टोपीखाली काळोख होतो. झाडाखाली बसवलं तर पानांतून आलेल्या उन्हाचे कवडसे चेहऱ्यावर पडतात, कोड आल्यासारखे. घराची सलग सावली पडलेली जागा उत्तम. मागे काय आहे तेही पाहून घ्या. दोरीवरची धुणी, गॅसची टाकी, विजेची तार, चपलांचा ढीग हे सगळं तेव्हा दिसत नाही आणि फोटोत तेवढंच दिसतं.

मोबाइल घरचाच असेल तर आधी त्याची काच पुसा. स्वयंपाकघरातून आलेल्या मोबाइलवर फोडणीचा हात लागलेला असतो आणि मग फोटो धुक्यातला येतो. काढणाऱ्यानं चार-पाच पावलं मागे जावं. जवळून सगळ्यांना मावायला गेलं, की कडेची माणसं ओढल्यासारखी रुंद होतात, आणि कडेला बहुधा सुनाच उभ्या असतात.

डोळे मिटण्याचाही हिशेब झालेला आहे बरं का! ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स या दोघांनी तो मांडला आणि 2006 साली त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. वीसहून कमी माणसं असतील तर उजेड चांगला असताना माणसांच्या संख्येला तिनानं भागावं, उजेड कमी असेल तर दोनानं. तितके फोटो घेतले की निदान एकात सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची जवळजवळ खात्री. म्हणजे घरची बारा माणसं असतील तर चार फोटो पुरे. आगफा क्लिक थ्रीच्या काळात एका रोलमध्ये बारा फोटो यायचे आणि ते लग्न, बारसं, सत्यनारायण असं पुरवून पुरवून वापरायचे. कुणाचे डोळे मिटले तर मिटले. आता ती काटकसर नको.

फोटो तुम्ही काढू नका. “वहिनींना छान जमतं” म्हणून मोबाइल तुमच्याच हातात येईल, आणि मग सगळं घर फोटोत आणि तुम्ही बाहेर! शेजारच्या मुलाला बोलवा, किंवा मोबाइल भिंतीवर टेकवून टायमर लावा. आणि चहा आधी होऊन जाऊ दे.

फोटो मोबाइलमध्ये ठेवून विसरू नका. मोबाइल पाण्यात पडतो, बदलला जातो. स्टुडिओत देऊन कागदावर छापून घ्या. चिकट पानांचे अल्बम मिळतात त्यात घालू नका, त्या डिंकानं वर्षांनी डाग पडतात आणि फोटो सुटून येत नाही. भिंतीवर लावणार असाल तर उन्हाची भिंत नको, रंगीत फोटो विटतो. जुने काळे-पांढरे फोटो इतकी वर्षं टिकले, कारण ती प्रतिमा चांदीची असते. रंगीत फोटोतले रंग तितके तग धरत नाहीत.

फोटोमागे शाई उमटते, म्हणून एका वेगळ्या कागदावर डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. तारीख आणि गाव लिहा, आणि तो कागद फोटोसोबत पाकिटात ठेवा. नावं लिहिताना ‘मोठी काकू’, ‘वहिनी’ असं लिहू नका. पन्नास वर्षांनी ती कुणाची काकू हे कुणाला कळणार? पूर्ण नाव लिहा. आजींना त्याच बैठकीत त्यांचं माहेरचं नाव, माहेरचं गाव विचारून घ्या. कित्येक घरांत नातवंडांना ते ठाऊक नसतं. प्रती मात्र चार काढा. एक तुम्हाला, एक पुण्याच्या भावजयीला, आणि सासरी गेलेल्या दोघी नणंदांना एकेक. त्या निघण्याच्या आत, पिशवीत फराळाच्या डब्यावर ठेवा, म्हणजे दुमडणार नाही.