शालेय सुरक्षा : कायद्याचे कलम आणि विश्वस्तांची यतना

समाजाच्या दानातून उभ्या राहिलेल्या शाळा, गुरुकुले आणि बोर्डिंग हे आपल्या परंपरेचे भूषण आहे. कारंजा आणि बाहुबली येथील गुरुकुले असोत, अथवा १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था असो. विद्यादानाची ही ओढ आपल्या घराघरांत आहे. आज अनेक व्यापारी कुटुंबांतील ज्येष्ठ मंडळी शाळांच्या विश्वस्तपदी आहेत. या पदाबरोबर मान येतो, तशी एक कायदेशीर जबाबदारीही येते. तिची चर्चा मात्र आपल्या सभांतून क्वचितच होते.

१६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. ती वरच्या मजल्याच्या गवती छपरापर्यंत पोहोचली आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. तत्पूर्वी २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या वार्षिक समारंभात मंडपाने पेट घेतला आणि चारशेहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी कोणाचा हेतू वाईट नव्हता. पेट घेणारे छप्पर वा कापड आणि बाहेर पडण्यास अपुरी वाट, एवढेच अनर्थास पुरेसे ठरले.

कुंभकोणमच्या घटनेनंतर सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १३ एप्रिल २००९ च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की मुलांच्या शिक्षणाच्या मूलभूत हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. शाळांत अग्निशमन साधने असावीत, शिक्षक व कर्मचाऱ्यांना ती हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि इमारती राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सुरक्षित असाव्यात, असे निर्देशही दिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्येक शाळेची स्वतःची आपत्ती व्यवस्थापन योजना असावी आणि तिचा नियमित सराव व्हावा, हे त्यांचे सार आहे.

आपल्या राज्यात या विषयाच्या तरतुदी एकाच ठिकाणी सापडत नाहीत. इमारतीपुरता महत्त्वाचा कायदा म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. या कायद्याने जबाबदारी इमारतीच्या मालकावर अथवा भोगवटादारावर ठेवली आहे. बसविलेली यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै, अशा दोन वेळा अग्निशमन अधिकाऱ्यांकडे सादर करावे लागते. ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरच्या प्रकरणानंतर राज्य शासनाने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पूर्वपडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी शाळांना आदेश दिले. आगीपासून रक्षण आणि अत्याचारापासून रक्षण, या सुरक्षेच्या दोन्ही बाजू आहेत.

व्यापारी माणसास हे समजणे अवघड नाही. दुकानाचा विमा मुदतीत उतरविला जातो, मालाची मोजदाद होते, वर्षअखेरीस खतावणीचा मेळ घातला जातो. तोच काटेकोरपणा शाळेच्या वाट्याला का येऊ नये? पुढील विश्वस्त सभेत काही साधे प्रश्न विचारावेत. जानेवारीचे प्रमाणपत्र सादर झाले काय? दुसरा जिना अडगळीने भरला आहे काय? दारांना बाहेरून कुलूप लावले जाते काय? गॅसच्या टाक्या वर्गखोल्यांपासून दूर आहेत काय? मुलांना रांगेने बाहेर पडण्याचा सराव या वर्षी किती वेळा दिला? तक्रारपेटी कोण उघडतो, आणि किती दिवसांनी?

हेच प्रश्न पाठशाळेस आणि पर्युषणातील सांस्कृतिक कार्यक्रमांसही लागू आहेत. मंडपाचे कापड, तात्पुरती वीजजोडणी आणि बाहेर पडण्याच्या वाटा मुले येण्यापूर्वीच पाहून घ्याव्यात.

दोन्ही संप्रदायांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडलेली आहे. मारण्याची इच्छा नव्हती, एवढे म्हणून सुटका होत नाही. असावधपणाही दोषास पात्र ठरतो. म्हणूनच चालताना, वस्तू उचलताना व ठेवताना यतना पाळण्याची शिकवण आपल्याला मिळाली. मुंगीला जपण्यासाठी पाऊल सांभाळून टाकणाऱ्या समाजाने शेकडो बालके रोज ज्या जिन्यावरून उतरतात, त्या जिन्याकडे दुर्लक्ष करावे, हे शोभणारे नाही.

सभागृहावर नाव कोरले जावे, अशी दात्याची इच्छा स्वाभाविक आहे. परंतु आणीबाणीच्या जिन्यासाठी अथवा जुनी वीजवाहिनी बदलण्यासाठी दिलेले दानही तितकेच श्रेष्ठ होय. त्यावर संगमरवरी फलक लागणार नाही. पण ते अभयदान ठरेल, आणि आपल्या शास्त्रांत अभयदानाचे स्थान फार वरचे आहे.