पुनरुज्जीवक पशुपालन – लेखांक ६ : शेणभुंग्यांचे काम

कुरणांना आळीपाळीने विसावा देऊन जमिनीचा कस वाढवत नेणाऱ्या पशुपालनाला पुनरुज्जीवक पशुपालन म्हणतात, आणि त्याचे यश जनावर काय खाते याइतकेच त्याच्या शेणाचे पुढे काय होते यावर अवलंबून असते. मोठे जनावर दिवसाला साधारण 10 ते 12 वेळा शेण टाकते. ते उघड्यावर वाळत राहिले तर त्यातील नत्राचा बराच भाग अमोनिया वायूच्या रूपाने हवेत निघून जातो, खालचे गवत मरते आणि भोवतालच्या गवताला जनावरे तोंड लावत नाहीत.

या शेणावर जगणाऱ्या भुंग्यांचे तीन गट मानले जातात : शेणातच राहणारे, शेणाचे गोळे करून दूर लोटत नेणारे आणि शेणाखालीच बिळे खोदून ते खाली ओढून नेणारे. कुरणाच्या दृष्टीने हा तिसरा गट सर्वांत मोलाचा आहे, कारण त्याच्या बिळांतून पावसाचे पाणी व हवा खोलवर पोहोचते आणि अळ्यांसाठी साठवलेले शेण गवताच्या मुळांशी खत होऊन राहते.

हे भुंगे नसतील तर काय होते, याचा धडा ऑस्ट्रेलियाने दिला. तेथे 1788 मध्ये युरोपीय वसाहतकारांबरोबर गाईगुरे आली. परंतु कांगारूंसारख्या प्राण्यांच्या लहान, कोरड्या लेंड्यांना सरावलेल्या बहुतेक स्थानिक भुंग्यांना गुरांचे ओले शेण हाताळता येईना, त्यामुळे ते कुरणांत साचत गेले आणि त्यात माश्यांची बेसुमार पैदास झाली. हंगेरीत जन्मलेले कीटकशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्नेमिस्सा यांनी परदेशी शेणभुंगे आणण्याची कल्पना मांडली आणि सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने 1960 च्या दशकात ती हाती घेतली. शेणाबरोबर गुरांचे रोग येऊ नयेत म्हणून भुंग्यांची केवळ अंडी वेचून, जंतुनाशकाने धुऊन पाठवली जात आणि ऑस्ट्रेलियात पोहोचल्यावर हाताने वळलेल्या शेणगोळ्यांत ठेवली जात. इतक्या चिकाटीच्या कामाची आठवण शेतीच्या इतिहासात ठळकपणे राहायला हवी. सोडलेल्या 40 हून अधिक जातींपैकी 23 तेथे रुजल्या.

तरीही भुंगे आणून सोडले म्हणजे काम संपत नाही. जंतांवर दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध बऱ्याच अंशी शेणातूनच बाहेर पडते आणि त्या शेणातील अळ्यांना मारते. प्रौढ भुंगे पुष्कळदा वाचत असल्याने ही हानी लगेच दिसत नाही, पुढची पिढी मात्र खुंटते. वस्तुतः शेण झपाट्याने पुरले किंवा विस्कटले गेले की त्यातील जंतांच्या अळ्यांपैकी पुष्कळशा गवतावर पोहोचत नाहीत, म्हणजे ज्या कारणासाठी औषध द्यायचे त्याच कामातला साथीदार औषधाने नाहीसा होतो. म्हणून सरसकट सगळ्या कळपाला औषध पाजण्याऐवजी शेण तपासून जंतांच्या अंड्यांचे प्रमाण पाहणे, गरज असलेल्या जनावरांनाच मात्रा देणे आणि शक्यतो भुंगे फारसे सक्रिय नसतील असा हंगाम त्यासाठी निवडणे हेच शहाणपणाचे आहे.