गोळी तीच, रक्तातले प्रमाण मात्र निराळे

फिट आली की चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला धावणारे हात आपल्या वस्त्यांत अजून दिसतात. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. आज आम्ही त्यापुढचे सांगणार आहोत. रुग्ण डॉक्टरकडे जातो, गोळ्या नेमाने घेतो आणि तरीही फिट येते, तेव्हा काय करायचे? घरचे पहिला दोष रुग्णालाच देतात. 'गोळ्या चुकवतेस आणि खोटे बोलतेस' हे सुनेला ऐकावे लागते. मग कुणीतरी भगताचे नाव काढतो. गोडदेवसारख्या कामगार वस्तीत हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. मशीनवर उभ्या माणसाला फिट आली तर हातही जातो आणि नोकरीही.

वाचकहो, गोळी खरेच घेतली का आणि ती पुरते का, याचा पुष्कळसा उलगडा रक्तातून होतो. फेनिटॉइन हे औषध १९३८ सालापासून अपस्मारावर माहीत आहे. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये ते साधारण १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग! कमी पडले तर फिट येते. जास्त झाले तर तोल जातो, बुबुळे थरथरतात, जीभ अडखळते आणि न पिणाऱ्या माणसालाही लोक दारुडा ठरवतात. या औषधाची खोडही विचित्र आहे. यकृत ते ठराविक वेगानेच निकालात काढते. मोरीतून जाईल तेवढेच पाणी जाते, नळ थोडा जास्त सोडला की मोरी तुंबते. तसेच डोस जरासा वाढवला तरी रक्तातले प्रमाण एकदम चढू शकते. म्हणून मनाने अर्धी गोळीसुद्धा वाढवू नये.

एवढे सूक्ष्म मोजायचे कसे? एक रीत लिक्विड क्रोमॅटोग्राफीची. १९०३ साली रशियातील मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानांतले रंग वेगळे करताना हिचा पाया घातला. आजच्या यंत्रात वीतभर पोलादी नळी असते, आत अतिबारीक भुकटी ठासलेली. रक्तातील प्रथिने आधी काढून टाकतात आणि उरलेले द्रव पंपाच्या जोराने नळीतून सोडतात. भाईंदर स्टेशनवर गाडीतून गर्दी एकदमच उतरते, पण गोडदेवला सगळे एका वेळी पोचत नाहीत. कुणी भाजीवाल्यापाशी थांबतो, कुणी थेट घर गाठतो. तसे प्रत्येक औषध भुकटीला कमीअधिक चिकटत आपापल्या वेळेला बाहेर पडते. तिथे प्रकाशाच्या साहाय्याने त्याची नोंद होते आणि कागदावर डोंगरासारखी रेघ उमटते. डोंगर केवढा, त्यावरून औषध किती ते कळते. काही हार्मोनही याच रीतीने, अधिक संवेदनशील यंत्र जोडून मोजतात. थायरॉईडची नेहमीची टीएसएच तपासणी मात्र बहुधा वेगळ्या पद्धतीची असते.

रुग्णाची चूक नसतानाही प्रमाण बिघडते, याचा मोठा दाखला ऑस्ट्रेलियात १९६८ च्या सुमारास मिळाला. फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधला नुसता भराव बदलला, कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आले. डोस तोच, पण औषध जास्त शोषले गेले आणि कितीतरी रुग्णांना विषबाधा झाली. म्हणून दुकानदाराने 'हीच गोळी, दुसऱ्या कंपनीची' म्हणून पुढे केली तर ती घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. टीबीची औषधे चालू असतील तर अधिक जपावे. त्यांतील आयसोनियाझिड फेनिटॉइनचे प्रमाण वाढवू शकते, तर रिफाम्पिसिन ते उतरवू शकते. दोन्ही आजारांचे डॉक्टर वेगळे असतील, तर दोघांनाही दोन्हीकडचे कागद दाखवावेत.

ही तपासणी फक्त श्रीमंतांची, असे समजू नये. परळच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागाने गेल्या शतकातच रक्तातील औषध मोजण्याचे काम हाती घेतले. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी या विषयात तिथे मोठे काम केले. जाण्यापूर्वी वेळ आणि शुल्क विचारून घ्यावे, कारण भाईंदरहून प्रभादेवीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंतच्या एल्फिन्स्टन रोडपर्यंत, सकाळच्या गर्दीत जायचे तर दिवसाचा खाडा होतो.

रक्त बहुधा सकाळच्या गोळीच्या आधी देतात. गोळी घेऊन रक्त दिले तर आकडा फसवा येऊ शकतो. गोळी चुकवायची नाही, खिशात बरोबर न्यायची आणि रक्त दिल्यावर लगेच घ्यायची. आदली गोळी किती वाजता घेतली, कोणत्या कंपनीची, इतर औषधे कोणती, हे चिठ्ठीवर लिहून न्यावे. रात्रपाळीवाल्यांनी आपली वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. डोस नुकताच बदलला असेल तर रक्तातले प्रमाण स्थिरावायला आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. तोवर घाई करून पैसे घालवू नयेत.