मांडव कोसळला, मूर्ती शाबूत!

पेण तालुक्यातील जोहे गावाची ओळख नव्याने सांगायला नको. हमरापूर, कळवे, तांबडशेत आणि जोहे या पट्ट्यात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. कुणाच्या किती मूर्ती, आगाऊ किती आले, बाकी किती, हा हिशोब पूर्वी वहीत असे. आता तो बऱ्याच ठिकाणी संगणकावर गेला आहे.

समजा, आषाढाचा पाऊस कोसळतो आहे, मूर्ती गाडीत चढवायची वेळ आली आहे. संगणक स्वतःची सुधारणा, म्हणजे अपडेट, करीत असताना वीज गेली. वीज आली, पण संगणक सुरूच होईना. अशा वेळी काय कराल?

पहिली गोष्ट, घाबरू नका. अपडेटमध्ये बदलतो तो संगणक चालविणारा भाग. तुमच्या वह्या, फोटो, याद्या वेगळ्या जागी असतात. मांडव कोसळला तरी बाजूच्या खोलीतल्या मूर्ती फुटत नाहीत, तसेच हे. १९ जुलै २०२४ रोजी एका सदोष अपडेटने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. चूक असलेली ती एक फाइल काढताच यंत्रे पुन्हा चालू होऊ लागली.

पडद्यावर 'बदल मागे घेत आहोत' असे दिसले, तर तासभर थांबा, वीज तोडू नका. दोन-तीनदा सुरू होता होता अडला, की विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीचा पडदा दाखवते. त्यात 'स्टार्टअप रिपेअर' आणि 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हे पर्याय असतात. त्यांनी काम न झाल्यास 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'नोटपॅड' असे टंका. नोटपॅडच्या 'ओपन' खिडकीत 'ऑल फाइल्स' निवडा, म्हणजे तुमच्या फायली दिसतील. त्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. कुलूपबंद डिस्कला ४८ अंकी किल्ली लागते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून पाहता येते.

हेही न जमले तर जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की फायली बहुधा मिळतात. मात्र त्याला आधीच बजावा, "फायली काढल्याशिवाय फॉरमॅट मारू नका." डिस्क टकटक आवाज करीत असेल, तर लगेच बंद करा, पुन्हापुन्हा चालू केल्याने नुकसान वाढते.

वाचकहो, पेरणीचे भात आपण एकाच कणगीत ठेवतो का? दर शनिवारी हिशोबाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरी ठेवा. विजा कडाडत असताना अपडेट सुरू करू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली असू द्या. एवढे केलेत, तर ऐन गणपतीत गिऱ्हाइकाला "यादी हरवली हो" असे म्हणण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.